वरची शाळा, खालची शाळा आणि सकाळचा चहा

आमच्या घरात सकाळचा चहा कोणी करायचा, हे दरवर्षी शिक्षण खात्याच्या निकालावर ठरतं. माझे मोठे दीर टेकडीवरच्या सरकारी प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक, आणि त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी जाऊ, टेकडीखालच्या सरकारी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. गाव एवढंसं, त्यात या दोनच शाळा. लग्नानंतर दोघांनी पैज लावली होती, की ज्याची शाळा निकालात मागे पडेल त्याने वर्षभर सगळ्या घराचा सकाळचा चहा करायचा. मी या घरात आले तेव्हापासून चहा जाऊबाईच करतायत. साखरेचा डबा कोणत्या फळीवर असतो हेसुद्धा भाऊजींना माहीत नाही, आणि वर त्याचा त्यांना अभिमान आहे.

मी खालच्या शाळेत तिसरीला शिकवते. म्हणजे घरातही धाकटी आणि शाळेतही धाकटी. जाऊबाई चौथी सांभाळतात. मुलं त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणतात, मला तोंडावर ‘धाकट्या बाई’ आणि पाठीमागे ‘मिरची बाई’. हे नाव कोणी ठेवलं ते मी शोधून काढलं होतं. वखारीतल्या मुकादमाची मुलगी निघाली. पोरीची नजर इतकी तिखट म्हटल्यावर मी तिला वर्गाची मॉनिटर करून टाकलं.

वखार म्हणजे लाकडाची वखार, शाळेच्या भिंतीला लागूनच. दिवसभर करवत चालते. ती सुरू झाली की आमची मुलं वाक्याच्या मध्येच थांबतात, आणि बंद झाली की जिथे सोडलं होतं तिथून पुढे वाचायला लागतात. नवा माणूस आला तर त्याला वाटतं, मुलांना काहीतरी झालंय. आम्हाला आता करवत ऐकूच येत नाही.

वरच्या शाळेचं काय सांगावं! पांढऱ्या भिंती, फाटकावर वेल, डॉक्टरांची मुलं, बँकेच्या मॅनेजरची मुलं. निकाल लागला की शिक्षण खात्याच्या कचेरीबाहेरच्या फळ्यावर दोन्ही शाळांचे आकडे शेजारी शेजारी लिहितात, आणि मग सगळं गाव महिनाभर तेच चघळतं. न्हावी गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून विचारतो, “यंदा पण वरचीच ना?” भाजीवाली मला कोथिंबीर जास्त घालते, का तर कीव येते म्हणून. मी ती परत काढून तिच्या टोपलीत टाकते.

आमच्या शिकवण्यालाही लोक हसतात. जाऊबाईंचा एक नियम आहे. मुलाला एखादी गोष्ट आली, तरी ती त्याने दुसऱ्या कोणाला तरी शिकवेपर्यंत ‘आली’ असं धरायचं नाही. ज्याला वजाबाकी समजली त्याने ती ज्याला समजली नाही त्याला समजावायची, आणि त्या दुसऱ्याने गणित बरोबर सोडवलं तर शाबासकी दोघांना. शाळेत कोणी सापडलं नाही तर घरी कोणाला तरी पकडायचं. आमच्याकडे पालक तक्रार करायला येतात ते अशी, की पोरगा रोज आजोबांना पाढे म्हणायला लावतो. न्हाव्याचं म्हणणं असं, की खालच्या शाळेत मुलंच मुलांना शिकवतात आणि पगार तेवढा बाया घेतात.

यात आणखी एक गोष्ट. परीक्षेच्या दिवशी आमच्याकडे पटावरचं प्रत्येक मूल बाकावर बसतं. अडखळणारं, तोतरं, परवाच दुसऱ्या गावाहून आलेलं, सगळी. “मूल आपलं आहे तर त्याचे मार्कही आपलेच,” असं जाऊबाई म्हणतात. वरच्या शाळेत मात्र दरवर्षी नेमकी परीक्षेच्या दिवशीच काही मुलांना ताप येतो. गैरहजर मुलं हिशेबात धरत नसल्यामुळे त्या तापाने वरच्या शाळेचा निकाल मोठा छान उतरायचा. हे सगळ्या गावाला माहीत होतं. भाऊजींनाही माहीत असणार. पण ते वर्गशिक्षकांच्या कामात लक्ष घालत नसत, म्हणजे सोयीचं होतं तिथे घालत नसत.

मी यावरून घरी कितीदा तरी तोंड उघडलंय. दर वेळी जाऊबाई मला डोळ्यांनी गप्प करायच्या. माझा नवरा तर अशा वेळी ताटातून मान वर काढत नाही.

यंदा मात्र गोष्ट चहावर भागणारी नव्हती. हिवाळ्यात खात्याचा आदेश आला. जी शाळा सतत मागे राहते ती यंदाही मागे राहिली, तर उन्हाळ्यापासून बंद. मुलं दुसऱ्या शाळेत घालायची. आदेशात शाळेचं नाव नव्हतं, पण सतत मागे राहणारी शाळा गावात एकच होती.

बंद म्हणजे काय, हे वरच्या लोकांना कळत नाही. आमच्या शाळेत आणि टेकडीच्या मध्ये मोठा रस्ता आहे. वखारीचे आणि खाणीचे ट्रक त्यावरून दिवसभर सुसाट जातात. आईबाप पहाटेच कामावर गेलेले असतात. पहिलीतलं पोर एकट्याने तो रस्ता कसं ओलांडणार? ओलांडणारच नाही. घरी बसेल, आणि वर्षभराने सगळे म्हणतील, त्या वस्तीतल्या लोकांना शिक्षणाची हौसच नाही.

आदेश आला त्या संध्याकाळी जेवताना भाऊजी जाऊबाईंना म्हणाले, “अगं, तू कशाला काळजी करतेस? माझ्याकडे चौथीची जागा आहे. ती तुला देतो.”

त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. तेच मला जास्त झोंबलं.

“आणि मुलांना काय देताय, भाऊजी?” मी विचारलं. “पंख?”

“धाकटे, आदेश मी काढलेला नाही.”

“नाही ना. तुम्ही फक्त ताप काढता.”

नवऱ्याने पाण्याचा पेला इतका जोरात ठेवला की ताटं हलली. जाऊबाई उठल्या आणि उष्टी भांडी गोळा करायला लागल्या, अजून कोणाचं जेवण झालेलं नसताना. इतकी वर्षं हसत हसत चहा करणाऱ्या बाईला मी पहिल्यांदाच असं पाहत होते, आणि मला माझ्याच जिभेचा राग आला.

त्यानंतर आम्ही दोघींनी जिवाचं रान केलं. नवीन काही शिकवलं नाही, तेच जास्त केलं. पण मनातून मला माहीत होतं, आम्ही सगळ्यांना बसवणार आणि ते निवडून बसवणार. अशी शर्यत जिंकायची कशी?

परीक्षेच्या चार दिवस आधी खात्याने नवा हुकूम धाडला. यंदा अदलाबदल. वरच्या शाळेच्या शिक्षकांनी खाली येऊन आमची मुलं तपासायची, आणि आम्ही वर जाऊन त्यांची. दोन्हीकडे खात्याचा एकेक तपासनीस हजर राहणार, फोन सकाळीच जमा करणार आणि सूचनांचं पाकीट तिथेच, सगळ्यांसमोर फोडणार. न्हावी म्हणाला, नवराबायको एकमेकांची मुलं तपासणार म्हटल्यावर खात्याला यंदा खरा निकाल मिळेल.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं एकत्रच घराबाहेर पडलो. मोठ्या रस्त्यावर भाऊजी उजवीकडे वळले, आम्ही डावीकडे. “कडक तपासा हं,” जाऊबाई त्यांना म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, “मला दुसरं येत नाही.” ते खरंच होतं. तो माणूस स्वतःच्या शाळेत डोळेझाक करेल, पण हातात लाल पेन आलं की सख्ख्या भावाला अर्धा मार्क वाढवून देणार नाही.

वर पोचलो तर आम्हाला मोठ्या सभागृहात बसवलं. तिथल्या तपासनीस बाई उंच, हडकुळ्या आणि सर्दीने बेजार होत्या. त्यांनी आमचे फोन एका पिशवीत टाकले, नाक पुसलं आणि पाकीट फोडलं. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

“यंदा दोन बदल आहेत,” त्या म्हणाल्या. “पहिला. पटावरचं प्रत्येक मूल हिशेबात धरायचं. गैरहजर असेल त्याला शून्य.”

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या समोरच्या बाकांकडे पाहत होत्या. तिसरी आणि चौथी मिळून अख्खं सभागृह भरलं होतं, पण मधूनमधून बाकं रिकामी होती. तोंडातले दात पडावेत तशी.

“दुसरा बदल. मुलाने कधी न पाहिलेली गोष्ट मोठ्याने वाचायची. नंतर पुस्तक मिटून तीच गोष्ट पहिलीतल्या एका मुलाला सांगायची. पहिलीतल्या मुलाला कळली तर पूर्ण मार्क.”

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. गोष्ट वाचायची आणि लहानाला समजावून सांगायची! आमची मुलं दुसरं करतात काय? मला उठून नाचावंसं वाटत होतं. वर ती रिकामी बाकं, एकेका बाकावर एकेक शून्य. खाली भाऊजींसमोर हेच पाकीट फुटलं असणार. त्यांना आत्ता या क्षणी कळलं असणार, की त्यांची तापाची मुलं त्यांना बुडवणार आहेत. आणि फोन पिशवीत! मला मोठं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, इतकी वर्षं ताकाला जाऊन भांडं लपवलंत ना, आता घ्या.

“हजेरी कधी घ्यायची?” जाऊबाईंनी विचारलं.

“घंटा झाली की. घंटेआधी बाकावर असेल तो हजर,” तपासनीस बाई म्हणाल्या, आणि शिंकल्या.

घंटेला थोडा वेळ होता. मी पाणी प्यायला बाहेर आले. फाटकापाशी कट्ट्यावर एक मुलगी बसली होती. अंगावर गणवेश, केसांना तेल, पाठीवर दप्तर, आणि वेलीच्या फटीतून सभागृहाकडे टक लावून पाहत होती.

“काय गं, आत का नाहीस?”

“मला ताप आहे,” ती म्हणाली.

मी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

“मी पण लावून बघितला,” ती हळू आवाजात म्हणाली. “नाहीये. पण आमच्या बाई म्हणाल्या, तुला आहे.” मग जरा थांबून, “आईला सांगू नका हं. आईने आज डोक्यावरून आंघोळ घातलीय परीक्षा म्हणून.”

आतमध्ये तिच्या नावापुढे शून्य पडणार होतं आणि त्या शून्याने माझी शाळा वाचणार होती. मी नुसतं आत जाऊन बसायचं होतं. चूक माझी नव्हती, नियम माझा नव्हता, ताप तर मुळीच माझा नव्हता. आणि मोठ्या रस्त्यापलीकडची माझी सगळी चिल्लीपिल्ली डोळ्यांसमोर उभी होती. त्यांच्यासाठी एवढं गप्प बसायला काय हरकत होती?

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. डोक्यावरून आंघोळ केलेली.

“तुझ्यासारखे ताप आलेले आणखी कुठे आहेत?” मी विचारलं. माझा आवाज इतका चढला होता की ती दचकली.

“पाण्याच्या टाकीमागे. लपाछपी खेळतायत.”

“पळ. पुढे हो.”

काय पळत होती ती पोरगी! नंतर कळलं, घरी तिला भिंगरीच म्हणतात. मी चपला हातात घेतल्या आणि तिच्यामागे धावले. टाकीमागे सगळी तापाची मंडळी होती, कोणी झाडावर, कोणी पिंपाआड. मी जी आरोळी ठोकली, तिने लपलेली आपोआप बाहेर आली. “उठा! सगळ्यांचा ताप उतरला! जो बाकावर आधी पोचेल तो शहाणा!” क्षणभर त्यांना खरं वाटेना. मग अशी धूम ठोकली त्यांनी, की शिपायाने घंटेचा दोर हातात धरला होता तो तसाच धरून बाजूला झाला. शेवटचं पोर धपकन बाकावर बसलं आणि घंटा झाली.

तपासनीस बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चपला, केस सुटलेले, श्वास लागलेला.

“ही मुलं तुमच्या शाळेची नव्हेत ना?” त्यांनी विचारलं.

“नाहीत.”

“हं,” त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ नाक पुसत राहिल्या.

मी जाऊबाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्या पुटपुटल्या, “कशाला आणलीस गं?”

मी चाट. “ताई, तुम्ही विचारता हे?”

“मग काय! शून्यं पडली असती ना चांगली.”

“तुम्ही काय केलं असतं?”

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “आणलीच असती. पण आधी जरा वेळ बसून राहिले असते,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी खाली मान घालून हसलो. हसता हसता माझ्या मनात आलं, आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला नव्हता ना मी?

परीक्षा सुरू झाली. मी तिसरीच्या मुलांपुढे बसले. डॉक्टरांचा मुलगा पहिला आला. गोष्ट एका हरवलेल्या शेळीची होती. पोराने ती एका दमात, न अडखळता वाचली. मी मनातल्या मनात टाळी दिली. मग पुस्तक मिटलं आणि समोर पहिलीतलं एक पिटुकलं बसवलं. याने त्याला तीच वाक्यं धडाधड म्हणून दाखवली.

“मग शेळी कुठे गेली?” पिटुकल्याने विचारलं.

डॉक्टरांच्या मुलाने तीच वाक्यं पुन्हा म्हटली, जरा मोठ्याने.

“पण शेळी?” पिटुकल्याचे डोळे भरून आले. पोरगं हुशार होतं, पण ज्याला कळलं नाही त्याच्याशी बोलायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. मला त्याची दया आली, पण मार्क मी तेवढेच दिले जेवढे होते. पुढची बरीच मुलं अशीच. वाचणं सुरेख, सांगणं पालथ्या घड्यावर पाणी.

मग भिंगरी आली. वाचताना दोन ठिकाणी अडली, एका जोडाक्षराशी झुंजली, घाम पुसला. पुस्तक मिटलं आणि ती तिच्या वाट्याला आलेल्या पहिलीतल्या पिटुकलीसमोर जमिनीवरच बसली. “हे बघ, तू शेळी. हा माझा हात म्हणजे कुंपण. आता तुला पलीकडचा पाला दिसतोय. काय करशील?” पिटुकली खुदकन हसली आणि हाताखालून पलीकडे गेली. सगळी गोष्ट त्या पिटुकलीने स्वतः करून दाखवली, आणि शेवटी मलाही सांगितली, मी न विचारता.

“हे असं सांगायला तुला कोणी शिकवलं?” मी भिंगरीला विचारलं.

“माझी चुलतबहीण खालच्या शाळेत आहे,” ती म्हणाली. “तिला रोज कोणाला तरी शिकवावं लागतं. नाहीतर तिच्या बाई धरत नाहीत. मग मीच सापडते.” तिने मला नीट न्याहाळलं. “तुम्ही मिरची बाई ना?”

माझी मॉनिटर! मी पूर्ण मार्क दिले. तापाच्या मुलांतली आणखी काहीजण तशीच निघाली, कोणाचा भाऊ आमच्याकडे, कोणाची शेजारीण. वरच्या शाळेने जी मुलं लाजेखातर लपवली होती, ती तिचा निकाल वर ओढत होती, आणि त्यांना शिकवलं होतं आमच्या मुलांनी. मला आनंद होत होता आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकाच वेळी. जाऊबाईंनी चौथीच्या टेबलावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही तेच दिसत होतं. त्यांनी खांदे उडवले, म्हणजे आता लिही जे आहे ते.

परतताना आम्ही मोठा रस्ता ओलांडला तशी आमची मुलं भेटायला धावत आली. सगळी एकदम बोलत होती. मोठे सर, म्हणजे भाऊजी, खुर्चीत ताठ बसले होते. करवत सुरू झाली की मुलं थांबायची, तेव्हा सरांना वाटायचं, मूल अडलं, आणि ते मार्क कापायला पेन उचलायचे. शेवटी माझ्या मॉनिटरने पहिलीतल्या मुलाला बाजूला बसवून आधी सरांनाच समजावलं, की सर, अडलो नाही, करवत थांबायची वाट बघतोय, आता तुम्ही सांगा, आपण कशाची वाट बघतोय? आणि सर म्हणाले, करवत थांबायची. “मग मी म्हटलं, शाबास,” मॉनिटर म्हणाली.

त्या संध्याकाळी भाऊजी जेवायला बसले. त्यांनी विचारलं, “आमची सगळी मुलं हजर होती म्हणे.”

“होती,” जाऊबाई म्हणाल्या.

“कोणी आणली?”

जाऊबाईंनी वाढता वाढता पळी माझ्याकडे वळवली. “ह्या बयेने.”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते ताटाकडे पाहत राहिले. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले आणि मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना काही टोचून बोलावंसं वाटलं नाही. नवऱ्याने हळूच मान वर काढून पाहिलं, सगळं शांत कसं म्हणून.

मग निकालाची वाट. ते दिवस कसे गेले ते विचारू नका. कोणी दार वाजवलं तरी माझा जीव खालीवर व्हायचा. जाऊबाईंनी शाळेतली कपाटं आवरायला घेतली. भाजीवालीने मूठभर कोथिंबीर जास्त घातली, आणि या वेळी मी ती परत केली नाही.

मग एका सकाळी भाऊजी नेहमीसारखे फिरायला गेले. त्यांची वाट कचेरीवरून जाते. मी भाजी चिरत बसले होते आणि जाऊबाईंनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं. बाहेर फाटक वाजलं. भाऊजींनी बूट काढल्याचा आवाज आला. मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तिथे ते कधी येत नाहीत.

“थांबा जरा,” जाऊबाई वळून न बघता म्हणाल्या, “पाणी आत्ताच ठेवलंय.”

भाऊजी आत आले. त्यांनी जाऊबाईंच्या हातातून चमचा काढून घेतला आणि त्यांना हलकेच बाजूला केलं. मग समोरच्या फळ्यांकडे पाहिलं. एक डबा उघडला, त्यात मीठ होतं. दुसरा उघडला, त्यात डाळ. तो डबा तसाच हातात धरून ते आमच्याकडे वळले.

“साखर कुठे ठेवता तुम्ही?” त्यांनी विचारलं.

क्षणभर कळलंच नाही. मग माझ्या हातातली सुरी खाली पडली. मी अशी काही किंचाळले की नवरा दाढीचा फेस तोंडावर घेऊन धावत आला. जाऊबाई मात्र तिथेच स्टुलावर बसल्या. पदर तोंडाला लावला आणि हसताहेत की रडताहेत ते त्यांचं त्यांनाही कळेना. “कितीने?” त्या मध्येच विचारायच्या, आणि उत्तर ऐकायच्या आत पुन्हा रडायच्या. “किती का असेना,” भाऊजी म्हणाले. “तुझी शाळा वर आहे. फळ्यावर न्हाव्याने दोनदा वाचून खात्री केली. अजून तिथेच उभा आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “धाकटे, पुढच्या वर्षीपासून माझ्या शाळेत कोणाला ताप येणार नाही.”

“आला तर मला कळवा, भाऊजी,” मी म्हटलं. “मला चांगला उतरवता येतो.”

ते हसले. अगदी मनापासून हसले. मी त्यांना तसं हसताना पाहिलं आणि मलाच रडू फुटलं. उन्हाळ्यानंतरही कोणाच्या पोराला तो रस्ता ओलांडावा लागणार नव्हता. आमची करवत, आमची बाकं, आमची मॉनिटर, सगळं जागच्या जागी राहणार होतं.

“साखर,” भाऊजींनी आठवण केली. आधण उतू चाललं होतं.

“शोधा,” जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या. “आमच्या शाळेत आधी शोधायला लावतात.”

त्यांनी शोधली. चौथ्या की पाचव्या डब्यात सापडली. चहा झाला, आणि काय झाला म्हणता! पाकच होता तो, चमचा उभा राहील असा. आम्ही सगळ्यांनी तो प्यायला. जाऊबाईंनी तर कप चाटूनपुसून संपवला, डोळे मिटून, इतक्या वर्षांत प्रथमच बसल्या जागी हातात मिळालेला. भाऊजी समोर उभे राहून वाट पाहत होते, पहिलीतल्या मुलाने पाटी दाखवून उभं राहावं तसे.

“जमला?” त्यांनी विचारलं.

“जमला,” जाऊबाई म्हणाल्या. “पण तुम्हाला चहा येतो, असं मी अजून धरत नाही.”

भाऊजींनी क्षणभर बायकोकडे पाहिलं. मग सगळं लक्षात येऊन मान हलवली, माझ्या नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला तसाच, गालावर फेस असताना, गॅसपाशी नेऊन उभं केलं.

“इकडे लक्ष दे,” ते आपल्या मुख्याध्यापकी आवाजात म्हणाले. “हा साखरेचा डबा.”